भंगारातल्या वायरलेस कीबोर्डमधून बटणपेटी आणि पायपेडल

वायरलेस कीबोर्डवर चहा सांडतो, पाच-सहा कळा चालेनाशा होतात आणि कीबोर्ड माळ्यावर जातो. खराब झालेला असतो तो बहुधा आतला मेम्ब्रेन, म्हणजे कळांखालचे छापील प्लॅस्टिकचे थर. सेलची वीज सांभाळणारं सर्किट, कळा ओळखणारी चिप आणि २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ हे सगळं कोपऱ्यातल्या एका लहानशा बोर्डावर असतं आणि ते सहसा धडधाकट असतं. या बोर्डाला एवढंच कळतं: अमुक दोन संपर्क एकमेकांना जोडले गेले म्हणजे अमुक कळ दाबली गेली. ते पायाखालच्या स्विचने जोडले की गालाने दाबायच्या मोठ्या बटणाने, याने त्याला काहीच फरक पडत नाही.

म्हणून प्रोग्रामची एक ओळही न लिहिता यातून खऱ्या उपयोगाच्या वस्तू होतात. हार्मोनियम किंवा गिटार वाजवताना टॅबलेटवरची पानं उलटणारं पेडल, स्लाइड बदलणारी बटणपेटी, बोटं नीट न चालणाऱ्या माणसासाठी एका मोठ्या बटणाचा स्विच. ईएसपी३२सारखा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड घेऊनही हे करता येतं, पण तिथे कोड लिहावा लागतो आणि दोन छोट्या सेलवर महिनोन्महिने चालवायचं तर बोर्डाला झोपवण्या-उठवण्याचं गणित आपणच बसवावं लागतं. कीबोर्डच्या बोर्डात ते कारखान्यातच बसवलेलं असतं, आणि या पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदा तोच आहे.

इथे चार बटणांची पेटी डोळ्यांसमोर ठेवली आहे: पेज डाउन, पेज अप, स्पेस आणि एंटर. पेडल करायचं असेल तर यातल्या दोनच कळा घ्यायच्या.

कीबोर्ड निवडताना

रिसीव्हर, म्हणजे संगणकाच्या यूएसबी पोर्टात लावायचा कीबोर्डचा छोटा जोडीदार, हरवलेला असेल तर कीबोर्ड फुकट मिळाला तरी घेऊ नका. स्वस्त संचांमध्ये कीबोर्ड आणि रिसीव्हर यांची जोडी ठरलेली असते, दुसऱ्या संचाचा रिसीव्हर चालत नाही. ठळक अपवाद लॉजिटेकच्या युनिफाइंग मालिकेचा. ज्या रिसीव्हरवर नारिंगी चांदणीसारखी खूण आहे, तो त्या खुणेच्या कोणत्याही कीबोर्डशी पुन्हा जोडता येतो आणि एकावर सहा उपकरणं बसतात. के२३०, के२७०, के४०० हे या मालिकेतले सहज सापडणारे कीबोर्ड. जोडणीसाठी विंडोजवर कंपनीचं सॉफ्टवेअर, लिनक्सवर सोलार नावाचा प्रोग्राम. नंतर आलेला बोल्ट रिसीव्हर मात्र वेगळा आहे, तो युनिफाइंगशी जुळत नाही.

ब्लूटूथ कीबोर्डला रिसीव्हर लागत नाही, म्हणून तो मोहात पाडतो. पण नव्या टॅबलेटशी जोडताना पडद्यावर सहा आकडी संख्या येते आणि ती कीबोर्डवरूनच टाइप करून एंटर दाबावं लागतं, असं पुष्कळदा होतं. आपल्या पेटीवर चारच बटणं, तर आकडे टाइप कशाने करणार? पेटी कायम एकाच टॅबलेटशी राहणार असेल तर कीबोर्ड उघडण्याआधीच जोडणी करून घ्या. उपकरणं बदलती असतील तर रिसीव्हरवालाच बरा: तो ओटीजी अडॅप्टरने अँड्रॉइड फोनलाही लागतो आणि संगणकाला तो साधा यूएसबी कीबोर्ड म्हणूनच दिसतो.

पूर्ण आकाराचा, रबरी घुमट असलेला साधा कीबोर्ड सगळ्यात सोपा, कारण त्याच्या बोर्डावरचे संपर्क मोठे आणि एकमेकांपासून साधारण दोन मिलिमीटरवर असतात. लहान, चपट्या कीबोर्डांत हे अंतर एक मिलिमीटरपर्यंत उतरतं. मेकॅनिकल वायरलेस कीबोर्ड या कामाचा नाही, त्यात सगळे स्विच आणि रेडिओ एकाच लांबलचक पीसीबीवर असतात आणि वेगळं काढण्यासारखं काही उरत नाही.

फक्त दोनच बटणं हवी असतील आणि माऊसची क्लिक पुरणार असेल, तर कीबोर्ड फोडूच नका. वायरलेस माऊसच्या बोर्डावर डाव्या-उजव्या क्लिकचे स्विच तयारच असतात. त्यांच्या पायांना दोन-दोन वायरी जोडल्या की झालं.

पुण्यात तापकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला खाली सांगितलेले सुटे भाग मिळतात. जुना कीबोर्ड मात्र ओळखीच्या संगणक दुरुस्तीवाल्याकडे मागितलेला चांगला, कारण तिथे रिसीव्हर लावून, निदान वीस-तीस कळा चालतात हे पाहूनच घेता येतो.

सामान

बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न, ६०/४० सोल्डर, फ्लक्स, मल्टिमीटर, ३० गेजची वायर (तिच्याऐवजी जुन्या रिबन केबलच्या सुट्या केलेल्या तारा चालतात), धारदार कटर, ४०० नंबरचा पॉलिश पेपर, हॉट ग्लू, १०० ओहमचा एक रेझिस्टर, चार स्विच आणि प्लॅस्टिकचा किंवा लाकडी डबा. बटणं लांब न्यायची असतील तर ३.५ मिलिमीटरचे मोनो जॅक, पीसी८१७ ऑप्टोकप्लर (आतल्या एलईडीच्या प्रकाशाने ट्रान्झिस्टर चालवणारा छोटा भाग) आणि ४७० ओहमचे रेझिस्टर जास्तीचे घ्या.

उघडण्याआधी आणि उघडताना

नवे सेल टाकून सगळ्या कळा एकदा दाबून पाहा आणि कोणत्या चालतात ते लिहून ठेवा. स्वस्त कीबोर्ड रिसीव्हरशी पुन्हा जोडायची युक्ती बहुधा दोन कळांची असते: रिसीव्हर लावल्यावर काही सेकंदांत एस्केप आणि दुसरी एखादी कळ धरून ठेवायची. ती दुसरी कळ प्रत्येक कंपनीची वेगळी, खोक्यावर किंवा पाठीमागच्या लेबलवर छापलेली सापडते. काही कीबोर्डांना तळाशी छोटं कनेक्ट बटण असतं. यातलं जे असेल ते आत्ताच टिपून घ्या. मेम्ब्रेन फेकून दिल्यावर जोडी तुटली आणि एस्केपचे संपर्क कोणते ते माहीत नसलं, की चांगला बोर्ड कायमचा मुका होतो.

स्क्रू तळाला असतात, पण सगळे दिसत नाहीत. लेबलखाली बोट फिरवून खळगा लागतो का पाहा, रबरी पायांखाली आणि सेलच्या कप्प्यातही एखादा असतो. स्क्रू निघाल्यावरही न उघडल्यास कडेच्या खाचा अडलेल्या असतात, त्या जुन्या एटीएम कार्डाने सोडवा. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं तर टोक थेट मेम्ब्रेनच्या शेपटीत घुसतं.

आत मेम्ब्रेनचे तीन थर दिसतील: वरच्या आणि खालच्या थरावर छापलेल्या रेघा, मध्ये भोकं असलेला कोरा थर. रेघा गोळा होऊन एका किंवा दोन शेपट्यांमधून बोर्डावर येतात आणि तिथे रबरी पट्टी व स्क्रूने दाबून बसवलेल्या असतात. पट्टी काढण्याआधी सरळ वरून, चांगल्या उजेडात फोटो घ्या. बोर्डावरच्या संपर्कांना डावीकडून १, २, ३ असे क्रमांक द्या आणि फोटोवरही तेच लिहा. पुढचं सगळं काम या क्रमांकांवर चालतं.

नकाशा

शंभरावर कळांना प्रत्येकी स्वतंत्र वायर दिलेली नसते. त्या आडव्या-उभ्या जाळीत बसवलेल्या असतात, उदाहरणार्थ ८ आडव्या आणि १८ उभ्या रेघा, म्हणजे १४४ जागा आणि फक्त २६ संपर्क. प्रत्येक कळ एक आडवी आणि एक उभी रेघ जोडते. आपल्याला सगळा नकाशा नको, हव्या असलेल्या कळांचे आकडे हवेत.

पहिली रीत मेम्ब्रेनवरून. थर अलगद वेगळे करा. एका शेपटीवरचे संपर्क वरच्या थरातून येतात, दुसरीवरचे खालच्या, त्यामुळे दोन गट आपोआप कळतात. आता पेज डाउनच्या जागेचा छापील ठिपका शोधा, त्यावर मीटरची एक तार टेकवा आणि दुसरी शेपटीच्या एकेका बोटावरून फिरवा. इथे बरेच जण फसतात: मीटर बीपवर ठेवलेला असतो आणि वाजत नाही, म्हणून रेघ तुटली असा समज होतो. छापील रेघांचा रोध काही दहा ओहमपासून काहीशे ओहमपर्यंत असतो आणि बीप साधारण तीस-पन्नास ओहमच्या वर वाजतच नाही. मीटर २ किलोओहमवर ठेवा आणि आकडा वाचा. तारेचं टोक ठिपक्यावर खुपसू नका, शाई खरवडते. टोकाला ॲल्युमिनियम फॉइलची छोटी गुंडाळी करून ती टेकवा. दोन्ही थरांवर हेच केलं की पेज डाउनचे दोन क्रमांक हाती येतात.

मेम्ब्रेन आधीच फाटलेला किंवा सडलेला असेल तर दुसरी रीत. बोर्डाला सेल लावा, रिसीव्हर लावा आणि १०० ओहमचा रेझिस्टर जोडलेल्या वायरीने दोन-दोन संपर्क टेकवत जा. एक टोक संपर्क १ वर धरायचं, दुसरं बाकी सगळ्यांवरून न्यायचं, मग २ वर धरायचं. विंडोजमधला ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडा ठेवला तर दाबलेली कळ त्यावर उजळते. या रीतीत डिलीट, स्लीप, विंडोजची कळ काहीही अवचित लागू शकतं, म्हणून उघड्या फाइली बंद करा. कामाचा संगणक वापरूच नका. सेलचे, ग्राउंडचे (सर्किटच्या शून्य व्होल्टचे) किंवा चिपचे पाय या चाचणीत येऊ देऊ नका. फक्त शेपटीचे संपर्क.

मिळालेलं सगळं तक्त्यात लिहा: कळ, पहिला क्रमांक, दुसरा क्रमांक. आठ-दहा कळा जास्तीच्या शोधून ठेवा, त्यात जोडणीच्या दोन कळा हव्यातच.

कोणत्या कळा निवडाव्यात

या कामातला सगळ्यात फायद्याचा विचार इथे आहे. तक्त्यात अशा कळा शोधा ज्यांचा एक क्रमांक समान आहे. चारही कळा एकाच रेघेवर असतील तर चार बटणांना आठऐवजी पाचच वायरी लागतात, एक सामायिक आणि चार वेगळ्या. शिवाय जाळीतली जुनी खोड निघून जाते. आयताच्या तीन कोपऱ्यांवरच्या कळा एकदम दाबल्या तर वीज फिरून चौथ्या कोपऱ्यावरची कळही दाबल्यासारखी दिसते. हे टाळायला स्वस्त चिप तिसरी कळ सरळ नाकारते. आयताला दोन आडव्या आणि दोन उभ्या रेघा लागतात. सगळ्या कळा एकाच रेघेवर असल्या की आयतच होत नाही, चारही बटणं एकदम दाबली तरी चारही पोचतात.

हव्या त्या कळा एका रेघेवर नसल्या तर संगणकावर मार्ग आहे: एका रेघेवरच्या कोणत्याही निरुपयोगी कळा घ्या आणि पॉवरटॉइज किंवा ऑटोहॉटकी या प्रोग्रामने त्यांचे अर्थ बदला. टॅबलेटवर असं करणं अवघड, तिथे ॲपला समजणाऱ्या कळाच घ्याव्या लागतात. बहुतेक पानं उलटणारी ॲप बाणांच्या कळा, पेज अप-डाउन, स्पेस आणि एंटर यांतलं काहीतरी मानतात, आधी ॲपच्या सेटिंगमध्ये पाहा. अँड्रॉइडच्या स्विच ॲक्सेसमध्ये, म्हणजे बटणांनी फोन चालवायच्या सोयीत, कोणतीही कळ नेमता येते, त्यामुळे मदतीचा स्विच करताना कळेची निवड अगदी मोकळी.

कंट्रोल आणि सी अशी जोडकळ एका बटणावर हवी असेल तर दोन पोलांचा, म्हणजे एका दाबात दोन वेगळे संपर्क जोडणारा, स्विच घेऊन एक पोल कंट्रोलला, दुसरा सीला देता येतो. कंट्रोल, शिफ्ट, ऑल्ट यांना बहुधा स्वतःच्या रेघा असल्याने आयताचा प्रश्न येत नाही. तरी आमचा सल्ला हे टाळण्याचा आहे. दोन्ही पोल एकाच क्षणी जुळत नाहीत, कधीतरी सी आधी पोचतो आणि कॉपी होण्याऐवजी अक्षर उमटतं.

वायरी जोडणं

मेम्ब्रेनच्या शेपटीला सोल्डर करायचा विचार सोडा, प्लॅस्टिक वितळतं आणि शाईला सोल्डर लागतही नाही. वायर बोर्डावरच लागते. तिथेही संपर्क काळ्या कार्बनने मढवलेले असतात आणि कार्बनवर सोल्डर गोळा होऊन घरंगळतं. कटरची धार आडवी धरून किंवा पॉलिश पेपरच्या दुमडीने कार्बन हळूहळू खरवडा, खालचं तांबं चमकू लागलं की थांबा. पुसून फ्लक्स लावा, ३२० अंशांच्या आसपास तापलेलं टोक दोन सेकंदांहून जास्त न टेकवता पातळ थर चढवा. वायरीच्या टोकालाही आधीच सोल्डर चढवून घ्या, म्हणजे दोन्ही टेकवून एक स्पर्श पुरतो. तपकिरी कागदी बोर्डावर तांब्याचा चिकटपणा कमी असतो, तिथे जास्त वेळ टोक धरलं की अख्खा संपर्क उचलून येतो.

खरवडल्यावर तांबं न दिसता बोर्डच दिसू लागला तर त्या जागी कार्बन थेट बोर्डावर छापलेला आहे. तिथे झगडू नका. ती रेघ डोळ्याने पुढे पाहत जा आणि पुढचं भोक, जंपर वायर किंवा चाचणीचा गोल ठिपका गाठा. तिथे तांबं असतंच. चपट्या कीबोर्डांत शेपटी छोट्या कनेक्टरमध्ये घातलेली असते. त्यांच्यासाठी त्याच अंतराचा एफएफसी ब्रेकआउट बोर्ड (चपट्या पट्टीचे बारीक संपर्क मोठ्या ठिपक्यांवर आणून देणारा) आणि पट्टी घेतली तर मूळ बोर्डाला आयर्न लावावंच लागत नाही.

काळा इपॉक्सीचा थेंब दिसेल, चिप त्याखाली आहे. त्याच्या जवळ उष्णता नको. काही जुन्या बोर्डांवर रेडिओचं छोटं पिल्लू-बोर्ड सहा-आठ पिनांवर उभं असतं. ते उखडून आर्डुइनोला लावण्याच्या नादी लागू नका: कळांची भाषा शेजारच्या चिपला येते, एकट्या रेडिओला नाही. बोर्ड आख्खा वापरायचा.

प्रत्येक वायर लागली की लगेच तक्त्याप्रमाणे दोन टोकं टेकवून योग्य कळ उमटते का पाहा. सगळं नीट असलं तरच हॉट ग्लूने वायरी बोर्डाला पक्क्या करा. ताण ग्लूवर यावा, सोल्डरवर कधीच नाही.

स्विच, आणि लांब वायरीचा प्रश्न

या संपर्कांतून वाहते ती वीज अगदी नगण्य, तीन व्होल्टला काही मायक्रोअँपिअर. म्हणूनच यंत्रांसाठीचे दणकट दहा अँपिअरचे फूट स्विच इथे दगा देतात. त्यांच्या चांदीच्या संपर्कांवर बसलेला काळा थर मोठ्या विजेने जळून जातो, इतक्या कमी विजेने नाही. सहा महिन्यांनी बटण कधी लागतं, कधी नाही. दारावरच्या घंटीचं बटणही याच कारणाने नको. छोटे टॅक्ट स्विच, आर्केडच्या बटणातले मायक्रोस्विच आणि मेकॅनिकल कीबोर्डचे सुटे स्विच उत्तम चालतात. चुंबक आणि तो जवळ आला की जुळणारा रीड स्विच यांची जोडी तर काचेत बंद असल्याने धुळीच्या जागीही निर्धास्त.

सिंथेसायझरचं सस्टेन पेडल तयार मिळालं तर लाकूडकाम वाचतं. पण काही कंपन्यांची पेडलं न दाबता जोडलेली आणि दाबल्यावर तुटणारी असतात. तसं पेडल लावलं तर कळ सतत दाबलेलीच राहते. मीटरने आधी पाहा. काही पेडलांच्या तळाला हे उलटवायचा छोटा स्विच असतो.

बटणांवर कपॅसिटर लावू नका. इतर सर्किटांत धक्के, म्हणजे बटण दाबताना संपर्काची होणारी क्षणिक थरथर, गाळायला तो लावतात, इथे धक्के गाळायचं काम चिप करते. कपॅसिटरमधून चिपचे तपासणीचे स्पंद एका रेघेवरून दुसरीवर जातात आणि कळ न दाबताच दाबल्यासारखी दिसते. लांब केबलही हेच करते, कारण तिच्या दोन तारांमध्ये दर मीटरला शंभर पिकोफॅरडच्या आसपास धारकता असते. पेटीच्या आत १५-२० सेंटिमीटर वायरीला काही होत नाही. म्हणून पेडल करताना बोर्ड पेडलमध्येच ठेवा, वायर लांबवू नका.

मदतीच्या स्विचांना मात्र ३.५ मिलिमीटर मोनो जॅकची केबल प्रचलित आहे आणि ती एक-दीड मीटर असते. तिथे पीसी८१७ घाला. बोर्डाच्या तीन व्होल्टमधून ४७० ओहमचा रेझिस्टर, ऑप्टोकप्लरचा एलईडी आणि बाहेरचा स्विच अशी एक साखळी; ट्रान्झिस्टरचे दोन पाय कळेच्या दोन संपर्कांना. दाबल्यावर सुमारे चार मिलिअँपिअर जातात, न दाबता शून्य. कळ लागली नाही तर ट्रान्झिस्टरचे पाय उलटे करा, त्याला दिशा असते. जाळीच्या रेघा पेटीबाहेर जातच नाहीत, त्यामुळे केबल कितीही वळवळली तरी भुताटकी नाही. एकाच सेलवर चालणाऱ्या बोर्डात ही वीज सेलवरून घेऊ नका, दीड व्होल्टला एलईडी जेमतेम पेटेल. व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलनंतरच्या कपॅसिटरवरून घ्या.

ऑप्टोकप्लर न वापरता जॅक थेट रेघांना जोडले असतील आणि पत्रा धातूचा असेल, तर आणखी एक सापळा: जॅकचं बाहेरचं कवच पत्र्यातून सगळ्या जॅकांना एकत्र जोडतं. कळांची रेघ सामायिक नसेल तर यातून वाटेल ते टाइप होऊ लागतं. प्लॅस्टिकचा पत्रा घ्या.

वीज

दोन छोट्या पेन्सिल सेलवरचा बोर्ड असेल तर त्याला तीनच व्होल्ट द्या. मोबाइलचा लिथियम सेल थेट जोडणं हा बोर्ड मारण्याचा खात्रीचा मार्ग. तो पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट देतो आणि या जातीच्या रेडिओ चिपची, उदाहरणार्थ नॉर्डिकच्या एनआरएफ२४ मालिकेची, मर्यादा ३.६ आहे. बटण सेलही नको वाटतो. प्रसारणाच्या क्षणी त्याचं व्होल्टेज कोसळतं. चार्ज होणारे निकेल सेल दोन मिळून २.४ व्होल्ट देतात, बहुतेक बोर्ड चालतात, फक्त सेल संपल्याचा दिवा लवकर लागतो.

काम झाल्यावर झोपेतली वीज मोजायलाच हवी. मीटर मायक्रोअँपिअरवर ठेवून सेलच्या मालिकेत लावा, पण सुरुवातीला मीटरच्या दोन टोकांवर एक वायर आडवी ठेवा. नाहीतर जागं होताना बोर्ड जास्त वीज ओढतो, मीटरच्या रोधात व्होल्टेज पडतं आणि बोर्ड पुन्हापुन्हा चालू-बंद होतो. दहा मिनिटं हात न लावता थांबा, मग ती वायर काढा. काही दहा मायक्रोअँपिअर दिसले तर उत्तम. ५० मायक्रोअँपिअर धरले तरी १००० मिलिअँपिअर-तासांचा सेल नुसत्या झोपेत दोन वर्षांहून जास्त टिकतो. काही मिलिअँपिअर दिसले तर एखादी कळ दाबलेली राहिली आहे. अशा वेळी चिप झोपत नाही आणि सेल थोड्याच दिवसांत संपतात. वह्यांच्या ढिगाखाली दबलेल्या पेडलचंही तेच होतं, म्हणून पेडलला वेगळा चालू-बंद स्विच द्या.

डबा आणि अँटेना

बोर्डाच्या एका कडेला तांब्याची वळणं घेणारी, दुसऱ्या कशालाही न जोडलेली भासणारी रेघ म्हणजे अँटेना. तिच्याभोवती निदान दीड सेंटिमीटर मोकळं ठेवा: सेल नको, स्क्रू नको, वायरींची गुंडाळी नको. धातूच्या डब्यात सिग्नल मरतो. पेडलमध्ये अँटेना टाचेखाली येऊ देऊ नका, पुढच्या कडेला ठेवा, कारण २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि पाय म्हणजे बहुतांशी पाणीच. अँटेनाची रेघ चुकून कापली गेली तर तिच्या सुरुवातीच्या बिंदूला ३१ मिलिमीटरची सरळ तार लावा, तरंगलांबीचा तो चतुर्थांश आहे.

रिसीव्हर यूएसबी ३च्या निळ्या पोर्टमध्ये असेल आणि शेजारी हार्ड डिस्क चालू असेल तर कळा गळतात. यूएसबी ३चा गोंगाट नेमका याच पट्ट्यात पडतो. अर्ध्या मीटरची यूएसबी २ एक्स्टेन्शन लावून रिसीव्हर बाजूला घ्या. अंतर कमी पडतंय म्हणून बोर्ड उघडून खटपट करण्याआधी हे करून पाहा, बहुतेक तक्रारी इथेच मिटतात.

उरलेल्या तक्रारी

पहिलं दाबणं हरवतं आणि दुसऱ्यापासून सगळं नीट चालतं, असं झालं तर बोर्ड झोपेतून उठतो आहे. त्यावर इलाज नाही. कार्यक्रमाआधी एकदा बटण दाबून त्याला जागं करायचं. एकदा दाबल्यावर तीन पानं उलटत असतील तर पाय जास्त वेळ राहतो आणि कळ आपोआप पुन्हापुन्हा जाते: विंडोजमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमधला रिपीट डिले सगळ्यात लांब करा, टॅबलेटवर ॲपमध्ये तसा पर्याय आहे का पाहा. दोनच बटणांतून तिसरंच अक्षर उमटत असेल तर शेजारच्या दोन संपर्कांमध्ये सोल्डरचा केस अडकलेला असतो, भिंगाखाली पाहा. काहीच जात नसेल आणि सेल ठीक असतील तर जोडी तुटली आहे, टिपून ठेवलेल्या दोन कळांनी पुन्हा जोडा.

एक गोष्ट गांभीर्याने घ्या. २०१६मध्ये बॅस्टिल या कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं की अनेक वायरलेस रिसीव्हर हवेतून आलेल्या परक्या कळाही स्वीकारतात आणि पुष्कळ स्वस्त कीबोर्ड कळा सांकेतिक (एन्क्रिप्ट) न करता पाठवतात. पान उलटण्याला यात गुपित काही नाही. पण असा रिसीव्हर बँकेचे व्यवहार करायच्या किंवा कार्यालयाच्या संगणकाला कायम लावून ठेवू नका, कारण धोका पेटीला नसून ज्याला रिसीव्हर लावला त्या संगणकाला आहे. वापर झाला की काढून घ्या आणि डब्यातच त्याच्यासाठी एक खाच करून ठेवा. पेटी महिनाभर पडून राहणार असेल तर सेलही काढा, अल्कलाइन सेल गळला तर पहिल्यांदा त्याच्या स्प्रिंगा आणि मग बोर्डावरचं तांबं खातो.